सात वाजले, पोरगं अजून भट्टीवर

मागच्या अंकात ओव्हरटाइमवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं की यावेळी ग्रॅच्युइटीची पत्रं येतील. गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं रात्रीच्या कामाची, आणि तीही अठराच्या आतल्या पोरांची. कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, एक तर स्वतः मालकच आहे. म्हणून हा अंक त्याच्यावरच. पत्रं थोडी कापलीत, नावं सगळ्यांचीच काढलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: वकीलकाका, माझा मुलगा सतरा वर्षं चार महिन्यांचा. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात नापास झाला आणि उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, रात्री दहा ते सकाळी सहा. सकाळी येतो तेव्हा डोळे लाल, जेवत पण नाही, तसाच पडतो. विचारायला गेले तर सुपरवायझर म्हणतो, "अक्का, डॉक्टरचं सर्टिफिकेट हाय, कायद्यानं तो मोठाच माणूस, तुम्ही कशाला काळजी करूलालाय." हे खरं का? (एक आई, खासबाग)

उत्तर: अक्का, सुपरवायझर शंभर टक्के खोटं बोलत नाहीये आणि घोळ तिथंच आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात असं खरंच होतं. पंधरा पूर्ण आणि अठराच्या आत तो किशोर, सरकारनं नेमलेल्या डॉक्टरनं तपासून लिहून दिलं की हा मोठ्या माणसाइतकं काम करू शकतो, की फॅक्टरीच्या हिशोबात तो मोठा माणूस. फक्त मुलगी असेल, किंवा मुलगा सतराच्या आतला असेल, तर सर्टिफिकेट असूनही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्यातच काम. म्हणजे राहिलं कोण? सतरा ते अठरामधला मुलगा. त्याला रात्रपाळीला उभं करायची वाट कायद्यातच ठेवलेली होती आणि तुमचा मुलगा नेमका त्या एका वर्षात बसतोय, म्हणून सुपरवायझरची छाती वर.

पण त्याचं ज्ञान जुनं झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या, फॅक्टरी कायदा त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत गेला. अठराच्या आतल्यांचा १९८६ चा बाल आणि किशोर कामगार कायदा मात्र कुठल्याच संहितेत गेला नाही, तो वेगळा उभा आहे. २०१६ साली त्याच्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्यात साफ म्हटलंय की चौदा ते अठराच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवायचंच नाही. धोकादायक म्हणजे काय, तर खाण, ज्वालाग्राही आणि स्फोटक माल, आणि फॅक्टरी कायद्यातली धोकादायक प्रक्रिया. त्या प्रक्रियांची यादी कायद्याच्या मागे जोडलेली आहे आणि तिच्यात फाउंड्री नाव घेऊन आहे, लोखंडाची असो की पितळेची, आणि सँड ब्लास्टिंग, शॉट ब्लास्टिंग करून कास्टिंग साफ करणं पण त्यातच.

तेव्हा तुमचा प्रश्न रात्रपाळीचा राहतच नाही. त्याला तिथं दिवसा पण ठेवता येत नाही. अशा कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाहीतर वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.

रात्रीच का बोलावतात ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मोठ्या कनेक्शनवाल्यांना रात्री दहानंतर वीज स्वस्त पडते, म्हणून फर्नेस रात्री लावायची, मेल्टिंग रात्री आणि ओतकाम पहाटेपर्यंत. धंद्याचं गणित आहे, त्यात मालकाला राक्षस म्हणायचं कारण नाही, पण ते गणित सतरा वर्षाच्या पोराच्या झोपेवर बसवायचं नाही एवढंच. पहाटे तीन-चारला माणूस सगळ्यात जास्त पेंगतो आणि त्याच वेळी हातात लाडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, असते. मी कोर्टात बघितलेल्या भाजल्याच्या केसेस बऱ्याचशा त्याच तासांतल्या.

काय करायचं. आधी पगार हातात घ्या. अडकवला तर बाल न्याय कायदा २०१५, कलम ७९, अठराच्या आतल्याची कमाई दाबून ठेवली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. हे नुसतं तोंडानं सांगितलं तरी बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी पाकीट मिळतं. मग त्याला गणिताचा पेपर परत द्यायला लावा आणि आयटीआयला घाला. आयटीआयवरून अप्रेंटिस म्हणून परत उद्यमबागेतच जाईल, पण अप्रेंटिसला रात्री दहा ते सकाळी सहा ट्रेनिंग द्यायचं असेल तर अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरची आधी परवानगी लागते, आणि धोकादायक धंद्यात अप्रेंटिस व्हायला सुद्धा अठरा पूर्ण लागतात. आठ महिने थांबायचंय फक्त, अक्का.

प्रश्न: सर, आमच्या कॉलेजमध्ये मूट, म्हणजे नकली खटल्याची स्पर्धा, आहे. विषय असा की तरुण कामगारांच्या रात्रकामावर ज्या आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत त्यांच्याशी भारताचा कायदा जुळवायला काय बदलावं लागेल. मला सरकारच्या विरुद्ध बाजू मिळालीय. कुठून सुरू करू? (एलएलबीची विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर: बाळ, सुरुवात "रात्र" या शब्दापासून कर. सगळे जण लगेच वयाकडे पळतात.

आपण रात्र म्हणजे अंधार धरतो. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आयएलओ, ती रात्र म्हणजे विश्रांतीचा सलग तुकडा धरते. १९१९ ला वॉशिंग्टनला त्यांची पहिलीच परिषद झाली आणि त्याच बैठकीत सहा नंबरचा करार झाला, उद्योगातल्या अठराच्या आतल्या मुलांच्या रात्रकामावर. त्यात रात्र म्हणजे कमीत कमी सलग अकरा तास आणि त्या अकरात रात्री दहा ते पहाटे पाच आलंच पाहिजे. म्हणजे पोराला नुसतं दहाला सोडलं आणि पाचला बोलावलं तर चालत नाही, मागंपुढं धरून अकरा तास मोकळे पाहिजेत. १९४८ ला हा करार सुधारून नव्वद नंबरचा आला, त्यात अकराचे बारा झाले. सोळाच्या आतल्याला त्या बारात रात्री दहा ते सकाळी सहा पक्कं. सोळा ते अठराला रात्री दहा ते सकाळी सात यामधले सरकारनं ठरवलेले सलग सात तास.

आता गंमत बघ. सहा नंबरच्या करारात सोळाच्या वरच्या मुलांना काही धंद्यांत रात्री काम करायची सूट आहे, जिथं प्रक्रिया थांबवताच येत नाही तिथं. लोखंड-पोलादाच्या भट्ट्या, काच, कागद, सोन्याच्या खनिजाचं काम, आणि कच्ची साखर. साखर! संकेश्वर, चिकोडी, अथणीच्या माणसाला हे वाचून हसू येईल, शंभर वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला बसलेल्या लोकांना पण माहीत होतं की गाळप एकदा सुरू झालं की कारखाना रात्री झोपत नाही.

आणि त्याच करारात हिंदुस्थानसाठी वेगळं कलम आहे. आपल्याकडे उद्योग म्हणजे फक्त फॅक्टरी कायद्यातली फॅक्टरी, आणि चौदाच्या वरच्या मुलग्यांना ही बंदी लागूच नाही. १४ जुलै १९२१ ला आपण करार मंजूर केला, म्हणजे सही पण झाली आणि पळवाट पण त्याच कागदावर. नव्वद नंबरचा करार २७ फेब्रुवारी १९५० ला मंजूर केला, प्रजासत्ताक होऊन महिना झाला होता. त्यात पण भारतासाठी वेगळी कलमं आहेतच. वर खासबागच्या अक्कांना सांगितलेली ती सतरा वर्षांची रेषा याच सवलतीच्या वळणातली आहे. मूटमध्ये हे जरूर मांड, की सवलत मागितली ती गरीब, वसाहतीतल्या देशानं, ती अजून किती दिवस वापरायची?

पण समोरच्या बाजूचं सगळ्यात भारी हत्यार तुला आधी माहीत पाहिजे. ते उठून म्हणतील, १९८६ च्या कायद्याचं कलम सात बघा, किशोरवयीन मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. सात ते आठ मोज, तेरा तास. आयएलओ बारा मागतो, आपण तेरा देतो. शिवाय सलग तीन तासांच्या वर काम नाही, मध्ये एक तास सुट्टी, सगळं मिळून सहा तासांच्या वर थांबवायचं नाही, ओव्हरटाइम नाही, एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. दुकान, हॉटेल, थिएटर सगळं त्यात येतं. १९४६ ला बिगर-औद्योगिक कामांसाठी एकोणऐंशी नंबरचा करार झाला, तो आपण मंजूर केलेलाच नाही, पण त्यात चौदाच्या वरच्यांना मागितलेत बारा तास, रात्री दहा ते सहा धरून. आपलं कलम त्याच्याही पुढं आहे. म्हणजे घड्याळाच्या बाबतीत सरकार जिंकतंय, तिथं भांडत बसू नको. (मी तरुणपणी बसलो होतो, न्यायाधीशांनी दोन मिनिटांत खाली बसवलं.)

मग भांडायचं कुठं? शिक्षेवर. १३ जून २०१७ ला भारतानं दोन मोठे करार एकदम मंजूर केले, १३८ नंबरचा किमान वयाचा आणि १८२ नंबरचा बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांचा. १८२ म्हणतो अठराच्या आतल्याला आरोग्य, सुरक्षा, नीतिमत्ता बिघडवणारं काम नको. असलं काम कोणतं हे ठरवताना काय बघायचं ते त्याच्याबरोबरच्या १९० नंबरच्या शिफारशीत दिलंय आणि त्यात लांबलचक तासांचं काम आणि रात्रीचं काम ही नावं आहेत. म्हणजे आयएलओच्या नजरेत रात्र हा धोका आहे. आपल्या कायद्यात रात्र हा टाइमटेबलचा विषय आहे. धोकादायक काम दिलं तर कमीत कमी सहा महिने किंवा वीस हजार. रात्री बारापर्यंत राबवलं तर? जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, खालची मर्यादाच नाही. वर पोलिसांनी आपणहून उचलायचा गुन्हा फक्त बंदीच्या दोन कलमांचा, तासांच्या कलमाचा नाही. हवालदारानं रात्री अकराला ढाब्यावर सोळा वर्षाचं पोरगं भांडी घासताना डोळ्यानं बघितलं तरी त्याला गुन्हा नोंदवायला हात आखडतो.

तुझी मागणी एकच ठेव, रात्रीचं काम धोकादायक कामांच्या यादीत घाला. त्याला संसद लागत नाही. कलम चारखाली केंद्र सरकार तीन महिन्यांची नोटीस देऊन नोटिफिकेशननं यादी बदलू शकतं. न्यायाधीश विचारतील की शिफारस बंधनकारक कुठाय, तर नाहीच, कबूल कर आणि सांग की १८२ बंधनकारक आहे आणि शिफारस त्याचा अर्थ लावायला वापरतोय. बाकी भाषणात "उगवती पिढी" वगैरे घालू नको, मार्क जात नाहीत पण वेळ जातो.

प्रश्न: माझ्या नणंदेचा मुलगा तेरा वर्षांचा, त्याचा भाऊ पंधराचा. दोघंही टिळकवाडीत त्यांच्या मामाच्या, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या चायनीजच्या गाड्यावर संध्याकाळी सहाला येतात ते रात्री साडेदहापर्यंत. घरचंच तर आहे, पैसे पण देतो आम्ही. शेजारी म्हणतात केस होईल. (एक वहिनी, बेळगाव)

उत्तर: वहिनी, तुमच्या गाड्यावर एकाच कायद्यातल्या "कुटुंब" शब्दाच्या दोन व्याख्यांची भांडणं चाललीत.

तेरा वर्षाच्याचं आधी. चौदाच्या आतल्याला कुठलंच काम नाही, अपवाद दोन, एक घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत, दुसरा सिनेमा-टीव्हीवाला कलाकार. मदतीसाठी घर म्हणजे कोण ते कलम तीनमध्ये लिहिलंय, आईबाप, भाऊबहीण, आणि काका, आत्या, मामा, मावशी. म्हणजे मामाचा गाडा चालतो. (आत्याच्या नवऱ्याचा किंवा मावशीच्या नवऱ्याचा चालत नाही, कायदा करणाऱ्यांनी नातीगोती अर्धीच मोजली.) पण याच कायद्याच्या २०१७ च्या नियमांत म्हटलंय की शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ ही मदत पण घ्यायची नाही. चायनीजचा गाडा सातच्या आधी पेटतो कुठे? तेव्हा धाकटा घरी.

आता पंधराचा. त्याला कलम सातचं सात-ते-आठ लागतं. कलम नऊमध्ये एक ओळ आहे, मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीनं धंदा चालवत असेल तर हे तासांचे नियम त्याला नाहीत. मिस्टर म्हणतील झालं, सुटलो. नाही सुटले. इथं कुटुंब कोण ते कलम दोनमध्ये आहे आणि तिथं मालक, बायको, मुलं, मालकाचे भाऊबहीण, बस. भाचा नाही. म्हणजे नणंद स्वतः गाड्यावर उभी राहिली तर घरची, तिचा पोरगा बाहेरचा. त्यालाही सातला सोडा.

याच्यातला विचित्रपणा सांगतो. तुमचा स्वतःचा पंधरा वर्षाचा मुलगा असता तर त्याला या कायद्यानं रात्री एकपर्यंत पण अडवलं नसतं. तेरा वर्षाच्याला सातला घरी, आणि पंधराच्याला घड्याळच नाही! नव्वद नंबरच्या आंतरराष्ट्रीय करारात पण घरच्या धंद्याला सूट द्यायची मुभा आहे, पण तिथं काम मुलाला अपाय न करणारं पाहिजे आणि धंद्यात फक्त आईबाप आणि त्यांची मुलं किंवा पाल्यच पाहिजेत. आपल्या घरच्या धंद्याच्या व्याख्येत बाहेरचे कामगार असले तरी तो घरचाच राहतो. म्हणजे दहा पगारी माणसं ठेवून पण घरचा धंदा. मला हे कधीच पटलेलं नाही.

प्रश्न: निपाणीत तंबाखूच्या वखारीत नातीला लावलीय, सोळाची आहे. सीझनला रात्री नऊ वाजतात. बायका सगळ्याच थांबतात म्हणतात. (एक आजी, निपाणी)

उत्तर: आजी, थांबतात म्हणून चालतं असं नाही. विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा होता, त्यात तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या जागा पण येत होत्या आणि चौदा ते अठराच्या मुलामुलींना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्यातच काम होतं. बायकांना पण तीच वेळ होती. तो कायदा आता संहितेत विरघळला आणि मोठ्या बायकांना त्यांच्या संमतीनं रात्रीचं काम देता येतं, त्यावरून मालक सगळ्यांनाच थांबवतात. पण सोळा वर्षाच्या मुलीच्या संमतीला इथं किंमत नाही, तिला १९८६ चा कायदा लागतो आणि तिथं सात म्हणजे सात. तिला सांगा, सातला डबा उचलायचा आणि निघायचं. हजेरी कापली तर मला परत लिहा.

प्रश्न: मी बोरगावचा. आमच्या गल्लीतली तीन पोरं इचलकरंजीला सूतगिरणीत जातात, एक कागलच्या एमआयडीसीत, सगळी सोळा-सतराची, रात्रपाळी करूनच येतात. तिथं महाराष्ट्र, इथं कर्नाटक. आम्ही तक्रार करायची कुठं? इथले म्हणतात आमच्या हद्दीत नाही, तिथले म्हणतात पोरं तुमच्याकडची. (एक वाचक, ता. निपाणी)

उत्तर: बॉर्डरचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तो सुटायची वाट बघायची गरज नाही. १९८६ चा कायदा केंद्राचा, वेस ओलांडली म्हणून सात वाजायचे आठ होत नाहीत. पोरगं राहतं कुठं याला महत्त्व नाही, काम कुठं करतं याला आहे. गिरणी कोल्हापूर जिल्ह्यात, तर तक्रार कोल्हापूरच्या कामगार खात्याकडं. ते "पोरं तुमच्याकडची" म्हणतात तो नुसता टाळायचा प्रकार आहे, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि कोर्टात तक्रार कुणालाही करता येते, कायद्यातच लिहिलंय की कोणतीही व्यक्ती, पोलीस किंवा इन्स्पेक्टर.

एक अडचण मात्र खरी आहे, वयाचा दाखला. आपल्या पोरांची टीसी कन्नडमध्ये, तिकडचा ठेकेदार म्हणतो मला वाचता येत नाही आणि तोंडी सांगितलेलं वय मस्टरवर चढवतो, बहुतेक वेळा एकोणीस. तक्रारीसोबत आधारची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स लावा.

प्रश्न: मी मालक आहे म्हणून आधीच शिव्या देऊ नका. हायवेला संकेश्वरजवळ ढाबा आहे आणि सीझनला लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतो. वाढायला पीयुसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, पोरं स्वतःहून येतात, फीसाठी, मोबाइलसाठी. रिसेप्शन रात्रीच असतं. मी त्यांना हाकलून लावू? (एक हॉटेलवाला)

उत्तर: शिव्या कशाला, विचारलंत ते बरं केलंत, विचारत नाहीत त्यांचीच जास्त भीती. हाकलू नका, वेळ बदला. चौदा ते अठराच्या पोराला तुम्ही कामावर ठेवू शकता, इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं, रजिस्टर ठेवायचं, आठवड्याला एक सुट्टी, तीन तास काम, एक तास आराम, मिळून सहा तासांच्या आत आणि सातला बंद. दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाला, साखरपुड्याला, बारशाला हीच पोरं घ्या. रिसेप्शनला आणि ढाब्याच्या रात्रीला अठरा पूर्ण झालेली घ्या, त्यांना चार पैसे जास्त द्यावे लागतील ते द्या, ग्राहकाच्या बिलात तुम्ही लावताच की. कर्नाटकचा १९६१ चा दुकान-आस्थापना कायदा पण अठराच्या आतल्यांना रात्री मनाईच करतो, म्हणजे तुम्ही दोन कायद्यांत एकदम सापडाल.

"स्वतःहून येतात" हे उत्तर कोर्टात चालत नाही, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: ऊसतोडीच्या टोळीत बारा-तेराची पोरं पहाटे तीनला मोळ्या बांधतात, ट्रॅक्टर भरतात. शेतीला कायदा लागतो का? (एक शिक्षक, ता. अथणी)

उत्तर: लागतो गुरुजी. बारा-तेराच्यांना तर दिवसा पण बंदी. टोळी आईबापाचीच आहे म्हणून घरचा धंदा होत नाही, ऊस कारखान्याचा, उचल मुकादमाची. आणि चौदा ते अठराच्यांसाठी म्हणाल तर कायद्यातल्या "आस्थापना" या शब्दात शेत नाव घेऊन आहे, दुकान-हॉटेलच्या रांगेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर शेती नेहमी मागं राहिली, रात्रकामाचे बंधनकारक करार उद्योगाचे आणि दुकान-हॉटेलसारख्या कामांचे, शेतीला १९२१ ची नुसती शिफारस, चौदाच्या आतल्याला सलग दहा तास विश्रांती आणि चौदा ते अठराला नऊ. म्हणजे इथं तरी आपला कागद जगाच्या पुढं आहे. कागदच.

तसं बघितलं तर रात्री थ्री-फेज आली की मोटर चालू करायला, पाणी फिरवायला आपल्यातल्या किती जणांनी बारा-चौदा वर्षाचं पोरगं बॅटरी देऊन पाठवलंय? मी पण गेलोय. कडोलीच्या रस्त्याला, वडिलांच्या मागं. सापापेक्षा झोपेची भीती जास्त वाटायची, बांधावरच डोळा लागायचा आणि पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात.

तुमच्याकडं शिक्षक म्हणून एक हत्यार आहे. पोरगं सलग तीस दिवस शाळेत नाही आलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असं २०१७ च्या नियमांत आहे. सीझन सुरू होताच हजेरी बघा आणि एकतिसाव्या दिवशी पत्र टाका, पाचव्या महिन्यात नको.

प्रश्न: तक्रार करायची तर फॉर्म कन्नडमध्ये, ऑनलाइन इंग्लिशमध्ये. आम्हाला मराठीच नीट लिहिता येतं. नाव पण बाहेर यायला नको. (तीन पत्रं, खानापूर आणि येळ्ळूर भागातून)

उत्तर: मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. फोन उचलणारा कन्नडमध्ये बोलला तर हिंदीत सांगा, चालतं. ठिकाण, वेळ आणि अंदाजे वय, एवढं तीन सांगितलं तरी पुरे. वेळ नक्की सांगा, "रात्री" म्हणू नका, "साडेनऊला शटर अर्धं खाली असतं आणि आत दोघं असतात" असं सांगा, इन्स्पेक्टर सकाळी अकराला गेला तर त्याला काय दिसणार. केंद्राचं पेन्सिल नावाचं पोर्टल पण आहे, २०१७ पासून, शेजारच्या पीयुसीच्या पोराकडून भरून घ्या. आणि लेखीच द्यायचं असेल तर डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसला मराठीत द्या, या कायद्याची अंमलबजावणी करायचे अधिकार डीसींना देता येतात, मराठी आहे म्हणून घेत नाही म्हणाले तर ते पण कागदावर लिहून मागा. लिहून कुणी देत नाही, अर्जच घेतात.